वीराचा वैरी

"पुन्हा म्हण. आणि आवाज कापता कामा नये," जिजाबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत मितालीनं पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि आजीनं शिकवलेलं वाक्य पुन्हा एकदा घडाघडा म्हटलं, "हा माझा वीर प्रतापसिंह, मल्हाररावांचा पुत्र. बायकोनं पदराला बांधून थांबवला, नेमाची वाट चुकली, म्हणून पडला."

"शाब्बास गं माझी वाघीण!"

स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या लाटणाऱ्या निरुपमाचे हात जागच्या जागी थांबले. हे वाक्य तिला नवीन होतं थोडंच! दर धुळेटीला, चारचौघांत, मान खाली घालून ती ते सासूच्या तोंडून ऐकत आली होती; ऐकता ऐकता तरुणपण सरलं, कानामागचे केस पांढरे झाले. पण आज ते पोटच्या पोरीच्या तोंडून आलं, तिच्या त्या लहानपणापासून ओळखीच्या, गोड, किंचित घोगऱ्या आवाजात… आणि तव्यावरच्या पोळीचा धूर झाला तरी निरुपमाला शुद्ध नव्हती.

"आई, काहीतरी जळतंय!" मिताली बाहेरूनच ओरडली. आत येऊन बघितलं मात्र नाही.

मल्हाररावांचं हे घराणं जुन्या बडोदे संस्थानातल्या शिपाईगड्यांचं. वाडीतलं घर सोडून फतेगंजच्या बैठ्या टेनामेंटमध्ये राहायला आल्याला जमाना लोटला होता. भोवती पिझ्झ्याची दुकानं झाली, मोबाईलवाले आले, घरातल्या पोरांची मराठी निम्मी गुजराती होऊन बसली. पण देवघरातले वीरांचे टाक तेवढे जसेच्या तसे. टाक म्हणजे चांदीचे छोटे ठसे उमटवलेले पत्रे. घराण्यातला पुरुष रणात पडला की सोनाराकडून त्याचा टाक घडवून घ्यायचा: घोडा, त्यावर स्वार, स्वाराच्या हातात तलवार. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळेटीला, सगळे टाक खाली काढायचे, त्यांना न्हाऊ घालायचं, हळद लावायची, आणि जमलेल्या भाऊबंदांसमोर प्रत्येक वीर कसा पडला, कुणाच्या हातून पडला, ते घरातल्या थोर बाईनं मोठ्यानं सांगायचं. वीराचं मूल जाणतं झालं की आपल्या वडिलांपुरतं ते त्यानं सांगायचं. याला घरात 'सांगणं' म्हणत. पूर्वी त्यासाठी विश्वामित्रीच्या काठावर जात असत. आता त्या नदीत मगरीही वाढल्या आणि गटारंही, तेव्हा मागच्या चौकात घंगाळ मांडून भागवतात.

पणज्यांचे पणजे पिलाजीराव बंडखोरांच्या भाल्यानं पडले. भाला मारणाऱ्याचं गावसुद्धा सांगण्यात आहे. त्यांचे पुतणे परमुलखात तोफेसमोर पडले. म्हणजे, प्रत्येक वीराला त्याचा त्याचा वैरी आहे, ठरलेला आणि पिढ्यानपिढ्या शिव्या खाणारा. घोटाळा झाला तो प्रतापचा.

कॅप्टन प्रतापसिंह! उंचापुरा, उमदा, लग्नाला वर्षही पुरतं न झालेला… तो गेला तेव्हा कुठं युद्ध नव्हतं की चकमक नव्हती. दिवाळीची सुट्टी संपवून आपल्या पलटणीत परत चालला होता. पूर्वेकडच्या डोंगरांत लष्कराचं मालवाहू विमान ढगांत शिरलं आणि पलीकडून बाहेर आलंच नाही. बस, एवढंच. हरणीच्या विमानतळावर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उतरली. ती उघडायची नाही, असं बरोबरच्या अधिकाऱ्यानं हलक्या आवाजात सांगितलं. दिवस गेलेल्या निरुपमानं त्या लाकडावर गाल टेकला, आणि तेवढ्यावरच तिला निरोप घ्यावा लागला.

जिजाबाईंनी हट्ट धरला, लेकाचा टाक झालाच पाहिजे! मल्हाररावांनी चाचरत म्हणून पाहिलं, "रणात नाही ना पडला तो." त्यावर त्या माउलीनं अशा नजरेनं बघितलं, की ते पुन्हा बोलले नाहीत. सोनारानं हाताशी होता तोच साचा वापरला. प्रताप आयुष्यात एकदाच, लहानपणी, कमाटीबागेत भाड्याच्या तट्टावर बसला होता आणि 'उतरवा, उतरवा' म्हणून रडून त्यानं सगळी बाग गोळा केली होती; तो आता चांदीत घोडेस्वार झाला! हसावं का रडावं, सांगा. पण खरी अडचण पुढं होती. पहिल्या धुळेटीला टाक न्हाला, हळद लागली, आणि सांगायची वेळ आली. कसा पडला? कुणी पाडला? ढगाला का कुणी वैरी म्हणतं? भाऊबंद तोंडाकडे बघत राहिले. जिजाबाईंची नजर इकडून तिकडे फिरली, आणि कोपऱ्यात मोकळ्या कपाळानं, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत बसलेल्या सुनेवर येऊन थांबली.

"बायकोनं पदराला बांधून थांबवला," त्या म्हणाल्या, "म्हणून पडला."

झालं! वीराला वैरी मिळाला. बायकांनी हळहळत माना डोलावल्या. नवी नवरी, त्यात दिवस गेलेले, नवऱ्याला सुट्टीवरून वेळेवर जाऊ दिलं नसणार, यात न पटण्यासारखं काय होतं? शिवाय निम्मी गोष्ट खरीच होती. प्रतापनं रेल्वेचं आरक्षण सोडून दिलं होतं. दोन-चार दिवस जास्त राहिला, मग गाडीनं आणि पुढं ट्रकनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून त्या विमानात त्यानं जागा मागून घेतली. तो थांबला होता, हे खरं. कुणासाठी थांबला, ते मात्र मल्हाररावांखेरीज घरात एकट्या निरुपमालाच सांगितलेलं होतं.

त्या दिवाळीत जिजाबाईंच्या कुशीत गाठ सापडली होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला, आणि मल्हाररावांना बाजूला घेऊन म्हणाले, तयारी ठेवा. घरी आल्यावर मल्हारराव ओट्यावर लेकाचा हात धरून लहान पोरासारखे रडले. "तू जाऊ नकोस रे. ते काय सांगतील ते मला एकट्याला ऐकवणार नाही." मग प्रताप थांबला. जिजाबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं बाप-लेकांनी ठरवलं. पोटाचा साधा विकार आहे, एवढंच त्यांना सांगितलं. आणि आरक्षण का सोडलं म्हणून घरातले विचारायला लागले, तेव्हा प्रतापनं निरुपमाला खोलीत ओढून कानात सांगितलं होतं, "निरू, सगळ्यांना सांग, तूच थांबवलंस म्हणून. नवी बायको आहेस, लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय! हाय रे दैवा…

गाठ साधी निघाली. प्रताप आनंदानं गेला. आणि पेटी घरी आली त्या दिवशी हंबरडा फोडणाऱ्या सासूकडे बघून निरुपमानं मनाशी गाठ बांधली, की या माउलीचा मुलगा तिच्यामुळं गेला हे तिला आपल्या तोंडून कधी कळणार नाही. जिला मुलगा गेल्याचं दुःख आहे तिला वर हेही कशाला? आपण तरुण आहोत, आपण सोसू! केवढी भाबडी होती ती… तिला वाटलं, वर्ष-दोन वर्षांत दुःख निवळेल आणि ते वाक्यही आपोआप गळून पडेल.

कसलं गळतंय! उलट त्याचा मंत्र झाला. वडील रिफायनरीतल्या एका भल्या, विधुर माणसाचं स्थळ घेऊन आले, तेव्हा तिनं नको म्हटलं. गेली तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं होणार, आणि मितालीला आजी सोडणार नाही. सकाळी डबा घेऊन ती गोरव्यातल्या एका कारखान्यात कामाला जायची, संध्याकाळी परतायची. मधल्या सगळ्या वेळात मिताली आजीची. आजीच्या मांडीवर ती जेवली, आजीच्या कुशीत झोपली, आणि वडिलांची गोष्ट आजीच्याच तोंडून शिकली. एकदा, शाळेत जायला लागल्यावर, तिनं भाबडेपणानं विचारलं होतं, "आई, तू का गं थांबवलंस बाबांना?" निरुपमा तिचं दप्तर भरत राहिली. त्यानंतर मितालीनं आईला वडिलांबद्दल काही विचारलं नाही, कधीच नाही.

आणि आता मिताली कॉलेजात गेली, जाणती झाली. प्रतापला मुलगा नाही, मग जिजाबाईंनीच ठरवलं, "मुलगी का असेना, रक्त त्याचंच आहे. या धुळेटीला ती सांगेल."

करपलेली पोळी टाकून देऊन, हात पुसत निरुपमा बाहेर आली. जिजाबाई आत कलंडायला गेल्या होत्या.

"मितू, उद्या ते नको बोलूस."

मितालीनं मोबाईलवरची नजर वर केली. "का? खोटं आहे?"

निरुपमा पुसलेले हात पुन्हा पदराला पुसू लागली.

"नाही, तू सांग ने! खोटं आहे असं एकदा सांग, मी नाही बोलणार. देवाची शप्पथ. लहानपणापासून वाट बघतेय मी, की तू कधीतरी भांडशील. रडशील तरी… तू नुसती पोळ्या करतेस!" पोरीचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती चटकन उठली. "बस, जवा दे. तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही."

ती गेली. निरुपमा तशीच उभी राहिली. मग तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, डोक्यावरचा पदरही न सावरता सरळ ओट्यावर, मल्हारराव हिंचक्यावर झोके घेत बसले होते तिथं गेली.

"आबासाहेब, उद्या तुम्ही खरं सांगायचं."

हिंचका थांबला. "हळू बोल, ती ऐकेल."

"ऐकू दे! दर साली तुम्ही मला म्हणालात, पुढच्या धुळेटीला सांगतो. मी वाट बघितली. आता माझी मुलगी म्हणणार आहे ते, आबासाहेब. माझी मुलगी!"

"तुला ठाऊक आहे तिचं हृदय कसं झालंय ते. डॉक्टर काय म्हणाले? धक्का बसता कामा नये. आणि हा काय साधा धक्का आहे? आपल्या गाठीपायी पोर गेला हे कळलं, तर ती त्या क्षणी जाईल गं…" त्यांनी हात जोडले. "मी भित्रा आहे, सूनबाई. शिपायाच्या घरात जन्माला आलो आणि भित्रा निघालो. त्याला मीच थांबवला, आणि बोल तू खातेस, हे मला दिसत नाही का? पण तिला मारून मी खरं बोलू?"

"आणि माझी मुलगी रोज माझ्यापासून तुटतेय, ती?"

मल्हाररावांनी मान फिरवली. समोरच्या रस्त्यावर पोरं होळीसाठी लाकडं ओढत होती, ते त्यांच्याकडे बघत बसले. निरुपमानं तो झुकलेला खांदा पाहिला आणि तिला कळून चुकलं, की हा माणूस बोलणार नाही. या वर्षीही नाही… कधीच नाही.

धुळेटीचा दिवस उजाडला. रस्त्यावर सकाळपासून रंगाचा नुसता धुमाकूळ, फाटकाबाहेर 'बुरा न मानो'ची आरोळी. मागच्या चौकात मात्र शेणसडा, रांगोळी, मधोमध तांब्याचं घंगाळ. वाडीतून भाऊबंद आले. नणंद शैला आली, तिनं आल्या आल्या आईची औषधं घेतली का ते विचारलं आणि निरुपमाला नेहमीप्रमाणे लांबूनच 'केम छो वहिनी' केलं. टाक न्हाले. हळद लागली. वीरांच्या टाकांना हात लावायची निरुपमाला मनाई होती. ती भिंतीशी, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. तिथून तिला मितालीची पाठ दिसत होती, आणि पाठीवरची ओली वेणी.

जिजाबाईंनी पिलाजीरावांचं सांगितलं, पुतण्यांचं सांगितलं. मग प्रतापचा टाक उचलून नातीच्या ओंजळीत ठेवला.

"हा माझा वीर प्रतापसिंह," मिताली म्हणाली. "मल्हाररावांचा पुत्र."

ती थांबली. मान वळवून तिनं आईकडे पाहिलं. अजूनही! अजूनही ती पोर विचारत होती, डोळ्यांनी विचारत होती… एक शब्द दे, आई, एकच! निरुपमाला ते दिसलं. आणि तिनं सासूकडे पाहिलं, हळदीनं माखलेल्या, कापऱ्या, निळ्या शिरांच्या त्या हातांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान खाली घातली.

मितालीनं मान फिरवली. "बायकोनं पदराला बांधून थांबवला, नेमाची वाट चुकली, म्हणून पडला." आवाज अजिबात कापला नाही.

भाऊबंदांनी माना डोलावल्या. निरुपमा शांतपणे वळली, दाराशी गेली, पायात चपला घातल्या. आपण कुठं जाणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. आता इथं उभं राहायला काही उरलं नाही, एवढंच तिला कळत होतं. नवरा डोंगरानं नेला, मुलगी या घरानं नेली… फाटकाची कडी तिनं काढली, आणि त्या कडीचा आवाज मल्हाररावांनी ऐकला.

"सूनबाई!"

म्हातारा उठताना खुर्ची उलटली. "थांब! सूनबाई, तुला माझी शपथ आहे, थांब… मिताली, खोटं आहे ते! खोटं आहे, बाळ! तुझ्या आईनं नाही थांबवला त्याला. मी थांबवला. तुझ्या आजीला गाठ आली होती, तिच्या तपासणीची वाट बघत थांबला होता तो. आजीला कळू नये म्हणून तुझ्या आईनं अंगावर घेतलं… सगळं अंगावर घेतलं तिनं, आणि मी, मी षंढासारखा बघत राहिलो!"

मग शैला किंचाळून आईकडे धावली, "आई! पाणी आणा कुणीतरी, आईला धरा!" सगळ्यांच्या नजरा जिजाबाईंवर खिळल्या. आता त्या कोसळणार, आता छाती धरणार…

जिजाबाई कोसळल्या नाहीत. शैलाचा हात त्यांनी बाजूला केला.

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "ठाऊक आहे मला."

फाटकाशी निरुपमाचा हात कडीवरच राहिला.

"काय ठाऊक आहे?" मल्हाररावांनी विचारलं.

"हेच. पहिल्या दिवसापासून. गाठ माझ्या अंगात होती ना? आणि मला कळणार नाही? तुम्ही ओट्यावर रडत होतात, मी खिडकीच्या आत तांदूळ निवडत होते." त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "निघायच्या सकाळी त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, आई, आता तू शंभर वर्षं जगतेस बघ! मग तो मेला. आणि मी… जगतेय. बघा ना, अजून जगतेच आहे!"

शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज असा काही चिरकला, की शैलानं तोंडात पदर कोंबला.

निरुपमा परत चौकात आली. पायांत चपला तशाच होत्या. न्हाणलेल्या वीरांसमोर चपला घालून कुणी उभं राहिलेलं त्या घरानं आजवर पाहिलं नव्हतं.

"मग माझ्यावर का, आईसाहेब?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "ठाऊक होतं, तर मला का?"

"सगळे विचारत होते, कुणी पाडला. माझ्या जिभेवर माझंच नाव आलं होतं गं… ते बाहेर पडलं असतं तर मी त्याच घंगाळात जीव दिला असता. समोर तू दिसलीस. तुझं नाव घेतलं." म्हातारीनं पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. "वाटलं, तू उसळून उठशील. खरं काय ते बोलशील, आणि माझी सुटका होईल. तू गप्प राहिलीस. दुसऱ्या सालीही गप्प. मग मलाच ते खरं वाटायला लागलं. तू एक शब्द बोलली असतीस, तर…"

"म्हणजे तेही माझंच चुकलं?"

जिजाबाईंची नजर खाली घंगाळाकडे गेली.

निरुपमा त्यांच्याकडे बघत राहिली. जिला वाचवायचं म्हणून तिनं तरुणपण जाळलं, आलेलं स्थळ परतवलं, पोरीची माया गमावली, तिला वाचवायचं काही नव्हतंच! ती सगळं जाणून, दर साली, हळदीच्या हातांनी तिला सुळावर चढवत होती… असं कळल्यावर माणूस रडतो म्हणतात. निरुपमाला रडू आलं नाही. तिला राग आला. सासूचा, सासऱ्याचा, स्वतःच्या मूर्ख त्यागाचा, आणि आज पहिल्यांदाच, 'तुझं काय जातंय' म्हणणाऱ्या त्या मेलेल्या नवऱ्याचासुद्धा.

जिजाबाई पाटावरून सरकत पुढं आल्या. थोर बाईनं सुनेपुढं करू नये ते त्यांनी केलं, दोन्ही हात जोडले. "माफ कर मला."

"नाही," निरुपमा म्हणाली.

कुणीतरी "अगं, असं काय, वहिनी" म्हणालं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"नाही व्हायचं माझ्याच्यानं, आईसाहेब. तुमची औषधं मी वेळेवर देईन, पथ्याचं करीन, तुम्ही अंथरुणाला खिळलात तर तेही करीन. पण माफ नाही करणार." मग तिनं जोडलेले ते हात धरून खाली केले, कारण ते फार कापत होते. "उठा आता. ओल्यात बसू नका."

भाऊबंद एकेक करून काढता पाय घेऊ लागले. मल्हारराव उलटलेल्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले होते. मिताली अजून टाक ओंजळीत धरून उभी होती, आणि आसवं ओघळून ओघळून तिचे गाल ओले झाले होते.

"आई… मी काय बोलले गं! सगळ्यांसमोर मी काय बोलले! तू मला का नाही मारलंस? काल विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" ती आईच्या कुशीत शिरली. लहानपणी कधी शिरली नव्हती तशी, हाडं मोडतील इतकी घट्ट. निरुपमानं तिच्या ओल्या वेणीवर हनुवटी टेकली. आता कुठं तिचे डोळे भरून आले.

बाहेरच्या पोरांचा गलका तेवढा फाटकावरून आत येत होता.

"आई," छातीशी तोंड लपवूनच मितालीनं विचारलं, "बाबा कसे होते?"

असं तिला कुणी विचारलंच नव्हतं! सगळ्यांनी विचारलं ते, कसा गेला, का गेला, कुणी थांबवला. निरुपमानं बोलायला तोंड उघडलं… आणि भयंकर घाबरली. तिला काही आठवेना. आवाज आठवेना, चाल आठवेना. ते एक गुपित राखण्यात तिनं सगळी शक्ती लावली होती, आणि ज्याच्यासाठी राखलं तो माणूसच कुठं तरी मागं राहून गेला होता. लाकडाची पेटी तेवढी दिसत होती. ती पोरीला घट्ट धरून उभी राहिली.

"हसताना डोळे मिटायचा," पाटावरून जिजाबाई म्हणाल्या. अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखं.

त्या बाईच्या तोंडून आता काहीएक नको, असं निरुपमाच्या मनात आलं. पण तेवढ्यात तो तिला दिसला! खोलीच्या दाराला टेकलेला, गणवेशाच्या बाह्या दुमडलेला, तिच्याकडे बघून हसणारा…

"दोन्ही नाही, आईसाहेब," ती म्हणाली. "डावा तेवढाच. उजवा उघडा ठेवायचे. समोरचा हसतोय की नाही, ते बघायला."

जिजाबाईंनी आठवून पाहिलं. आठवेना. त्यांनी मान खाली घातली.

"असेल," त्या म्हणाल्या. "तूच सांग तिला."